हरकत क्रमांक ४१७: भैरवगढचे वाळवणाचे मैदान

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. विकास योजनेच्या मसुद्यातल्या एका रंगीत नकाशाची प्रमाणित प्रत, रुपये २३६ फक्त. कोठीवरच्या सरकारी कचेरीत अनसूया जामदार यांनी पैसे भरले, पावती पर्समध्ये टाकली आणि खिडकीसमोरच, मागच्या माणसांना वाट न देता, तो कागद उलगडला. मिनिटभर पाहिला. मग साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या मैदानात हे जंगल कधी उगवलं?"

खिडकीतल्या बाबूने मान वर न करता हरकतीची मुदत सांगितली. "आपत्ति लगानी हो तो तीस दिन हैं, मैडम. अगला कौन?"

मैदान म्हणजे भैरवगढला क्षिप्रेच्या काठावरची एक बिघा मोकळी जमीन, सर्व्हे नंबर ८८/२. लाकडी ठशांनी छापलेला कपडा धुवावा लागतो, रंगवावा लागतो आणि मग उन्हात पसरावा लागतो. दोनशे चादरी कुणाच्या गच्चीवर मावत नाहीत. नव्या मसुद्यात हा सारा काठ 'भूदृश्य संरक्षण क्षेत्र' म्हणून रंगवला होता. कलम ७.४ प्रमाणे तिथे शेड, कुंपण, तारा तर नाहीतच. कपडा धुणे, ताणणे, सुकवणे यांनाही बंदी. कारण दिले होते ते नदीचे नैसर्गिक दृश्य आणि काठावरची दाट हिरवळ जपण्याचे. मसुदा मंजूर झाला की जमीन कागदोपत्री अनसूयाबाईंचीच राहणार होती. तिच्यावर रुमालसुद्धा वाळत घालता येणार नव्हता, एवढेच.

जामदार घराणे दरबाराबरोबर माळव्यात आलेले. एके काळी दरबारचा कपडालत्ता आणि दागदागिने सांभाळणारे. पुढे पिढ्यान्‌पिढ्या कारकून, मास्तर, वीज मंडळ. अनसूयाबाईंचे यजमान श्रीकांत वीज मंडळातूनच निवृत्त झाले. घरात धंदा कुणी केला नव्हता. अनसूयाबाईंनी लग्नानंतर सहाव्या वर्षी भैरवगढचे छीपा, म्हणजे ठशांनी कपडा छापणारे, सत्तारभाई यांच्याकडून बारा चादरी घेतल्या आणि टॉवर चौकात ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर मांडल्या. संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "जामदारांची सून फुटपाथवर बसली!"

"फुटपाथ नाही, पायरी आहे," सून म्हणाली. "आणि आठ गेल्या."

तिथून सुरुवात झाली. पुढे एकदा ग्वाल्हेरच्या मेळ्यात त्यांना स्वच्छतागृहाच्या मागचा गाळा मिळाला. अर्ज केला, कुणी दाद दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मुख्य दरवाजाबाहेर सतरंजी टाकली, तिच्यावर चादरी रचल्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागल्या, "माझा गाळा एवढा सुंदर आहे की तिथे मीच जात नाही." दुपारच्या आत आयोजक स्वतः येऊन त्यांना पहिल्या रांगेत घेऊन गेले. असा स्वभाव. २००७ साली पोस्टातली ठेव मोडून मैदान घेतले आणि सत्तारभाईंना भागीदार केले. छपाई त्यांची, विक्री बाईंची. आज अकरा माणसे त्या मैदानावर पोट भरतात.

नकाशा घेऊन त्या थेट छपाईच्या कारखान्यात आल्या. सत्तारभाई नव्या ठशाची कड घासत बसले होते. सत्तरीचे गृहस्थ, नजर अजून धाग्यासारखी बारीक. त्यांनी नकाशा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि हिरव्या तुकड्यावर बोट फिरवले.

"भाभी, जंगल में पेड़ लाइन से कब से उगने लगे?"

अनसूयाबाईंनी वाकून पाहिले. हिरव्या तुकड्यात सहा सरळ पट्टे होते आणि दोन पट्ट्यांच्या मधे माणूस जाईल एवढी फिकी फट. खाली बारीक अक्षरात लिहिले होते: आधार, उपग्रह छायाचित्र, १६ फेब्रुवारी २०२३.

"पचमढीवाला," सत्तारभाई म्हणाले.

ती दोघेही मग हसतच सुटली. पचमढीच्या एका रिसॉर्टवाल्याने त्या वर्षी अडीचशे चादरींची ऑर्डर दिली होती. रंग कोणता विचारल्यावर तो म्हणाला होता, मला खोलीत जंगल पाहिजे. सत्तारभाईंनी निळीत बुडवून, वरून डाळिंबाच्या सालीचे पाणी देऊन असा गर्द हिरवा काढला होता की मालक खूश झाला. उपग्रहही फसला होता. कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून त्या चित्रावर 'दाट नैसर्गिक हिरवळ' असे लिहिले होते आणि त्या हिरवळीच्या रक्षणासाठी चादरी वाळवायला बंदी घातली होती.

रात्री जेवताना श्रीकांतराव मात्र हसले नाहीत. "सरकारी नक्शा आहे, अनू. एकदा छापला की छापला. तू कोठीच्या चकरा मारशील, वर्ष जाईल. त्यापेक्षा कारखाना कुठे इंदूर रोडला…"

"इंदूर रोडला नदी आहे?"

"नळ आहे."

"अहो, नळाखाली तुमचा सदरा धुवून होतो. अडीचशे चादरी नाही."

अनसूयाबाईंनी हरकत लिहिली. दीड पान, साध्या हिंदीत. जोडीला पचमढीच्या ऑर्डरची तारीख आणि एक हिरवी चादर, घडी घालून. आवक कारकुनाने चादर बघून विचारले, "ये क्या है?" त्या म्हणाल्या, "जंगल." त्याने ती बाजूला ठेवली आणि अर्जावर क्रमांक टाकला: ४१७.

दहा दिवसांनी उत्तर आले. हरकती बऱ्याच आल्यामुळे ३ डिसेंबरला सकाळी अकरा वाजता काठाची ड्रोनने पुन्हा पाहणी होईल. प्रत्यक्ष स्थिती दिसावी म्हणून जागा आहे तशी ठेवावी.

"आहे तशी," अनसूयाबाईंनी पत्र दोनदा वाचले. "म्हणजे कपडा पसरलेला. सत्तारभाई, त्या दिवशी लाल काढा."

"पूरा लाल?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत कुणाला झाड दिसता कामा नये."

कारखान्यात लाल माल नव्वद चादरींचा होता. मैदान भरायला त्याच्या अडीचपट लागणार. सत्तारभाई सायकलवर टांग टाकून निघाले आणि काठावरच्या एकेका कारखान्यात गेले. सगळ्यांच्याच जागा त्या रंगवलेल्या पट्ट्यात होत्या. काहींनी नकाशा पाहिलाही नव्हता. कुणी लाल लुगडी दिली, कुणी रजईच्या खोळी. एकाने लग्नाची ऑर्डर दोन दिवस थांबवली. एका म्हाताऱ्या छीपनने घरातला परकर आणून दिला आणि बजावले, "ये बीच में मत रखना, किनारे रखना. सरकार देखेगी."

तीन तारखेला सकाळी सात वाजल्यापासून पसरणे सुरू झाले. वारा होता. कपडा उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दगड ठेवावे लागतात, आणि दगड कमी पडत होते. साडेआठला श्रीकांतरावांची स्कूटर आली. पायाशी विटांचे तुकडे भरलेली पोती. त्यांनी पोती उतरवली आणि प्रत्येक चादरीच्या चारही कोपऱ्यांवर सारख्या अंतरावर तुकडे मांडत गेले.

"चकरा कोण मारणार होतं?" अनसूयाबाईंनी विचारले.

"मी फक्त वारा बघायला आलोय," श्रीकांतराव म्हणाले.

अकराला दोघे जण ड्रोन घेऊन आले. समोर लाल कपड्याचा एक बिघा बघून त्यांतला एक जण जागीच थांबला. "मैडम, ये हटवा दीजिए. ज़मीन दिखनी चाहिए."

"पिछली बार हटवाया था?"

"पिछली बार तो सैटेलाइट था."

"तो उसने जो था वही देखा. आप भी जो है वही देखिए. चिट्ठी में लिखा है, जैसी है वैसी." त्यांनी पत्र पुढे केले. ड्रोनवाल्याने ते वाचले, मान खाजवली आणि यंत्र वर सोडले.

सुनावणी १९ डिसेंबरला होती. दालनात चाळीसएक माणसे, पुढे टेबलापाशी सुनावणी अधिकारी आणि भिंतीवर पडदा. अधिकारी पन्नाशीचे, शांत, थोडे थकलेले. ४१७ पुकारल्यावर त्यांनी दोन चित्रे शेजारी शेजारी लावली. डावीकडे हिरवे मैदान, उजवीकडे तेच लाल. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसले.

"जामदारजी, ये क्या तमाशा है?"

"तमाशा नहीं साहब, रंग है. बायाँवाला नील और अनार का छिलका. दायाँवाला हमारा पुराना लाल. आपके नक्शे में जो जंगल है, वो पचमढ़ी में पलंगों पर बिछा है."

आता सगळेच हसले. अधिकाऱ्यांनाही हसू आवरले नाही. पण ते सावरले. चूक मान्य आहे, ते म्हणाले. ८८/२ हा तुकडा संरक्षण क्षेत्रातून वगळू. त्यांनी सुनावणीचा फॉर्म पुढे सरकवला. तळाशी छापलेले होते: आपत्तिकर्ता संतुष्ट, हाँ अथवा नहीं. हाँवर खूण करून सही केली की विषय तिथेच संपणार होता.

अनसूयाबाईंनी पेन घेतले आणि विचारले, "और बाक़ी किनारा?"

"बाक़ी किनारा आपकी आपत्ति में नहीं है."

"है. दूसरा पन्ना देखिए. मैंने कलम सात दशमलव चार पर आपत्ति ली है, सिर्फ़ अपने नंबर पर नहीं."

अधिकाऱ्यांनी पान उलटले. तसे ते होते. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "देखिए, नदी का दृश्य बचाना है कि नहीं? और रंग का पानी? वो भी नदी में जाता है."

"पानी पर मैं आपके साथ हूँ," त्या म्हणाल्या. "आठ साल से हम लोग टाँकी माँग रहे हैं, कि रंग का पानी उसमें साफ़ हो. टाँकी बना दीजिए, पहला घड़ा मैं डालूँगी. लेकिन सूखता कपड़ा क्या गंदा करता है? साहब, इस किनारे पर आदमी नदी देखता है तो कपड़ा भी देखता है. मेरी सास ने देखा, उनकी सास ने देखा. आपने नक्शे से कपड़ा पोंछ दिया, और जो बचा उसको दृश्य लिख दिया."

अधिकारी हळू आवाजात म्हणाले, "समझिए. आप 'हाँ' लिखेंगी तो आपका नंबर आज छूट जाएगा. 'नहीं' लिखेंगी तो पूरी आपत्ति समिति में जाएगी. तब आपका नंबर भी लटकेगा. समिति ने मना किया तो सब गया."

श्रीकांतरावांनी मागून पदर ओढला. "अनू, आपलं सुटतंय. लिही हो."

अनसूयाबाईंनी वळून पाहिले. बाकाच्या टोकाला सत्तारभाई बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. धंद्यातले भागीदार असल्याने 'हाँ'मध्ये त्यांचाही फायदा होता. पण त्यांच्या भावाचा कारखाना शेजारच्या ८९ मध्ये होता आणि परकर देणारी म्हातारी ९१ मध्ये. त्यांनी मान डावीकडून उजवीकडे एकदा हलवली.

"अहो, लाल कपडा काय फक्त आपला होता का?" अनसूयाबाई म्हणाल्या आणि 'नहीं'वर खूण करून सही केली. अक्षर नेहमीपेक्षा मोठे आले.

बाहेर पायऱ्यांवर श्रीकांतराव खिशात स्कूटरची किल्ली शोधू लागले. मग म्हणाले, "मैदान गेलं तर?"

"तर टॉवर चौकातली पायरी आहे."

"ती पायरीपण रस्तारुंदीत गेली."

"मग रस्ता आहे," त्या म्हणाल्या आणि स्कूटरवर बसल्या.

त्यानंतरचे तीन महिने बरे गेले नाहीत. समितीच्या दोन बैठका पुढे ढकलल्या गेल्या. इंदूरच्या एका व्यापाऱ्याने, जागेचे घोंगडे भिजत पडले आहे असे ऐकून, मोठी ऑर्डर मागे घेतली. एक कारागीर पॉवरलूमवर कामाला निघून गेला. श्रीकांतरावांनी घरात विषय काढला नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी कोठीवर जाऊन फलक बघून यायचे काम त्यांनी आपणहून घेतले आणि एकही खेप चुकवली नाही. सत्तारभाई रोज मैदानावर कपडा पसरवतच राहिले. जो रंग भट्टीतून निघेल तो.

२४ मार्च २०२५ रोजी समितीचा निर्णय फलकावर लागला. कलम ७.४ मधून 'ताणणे' आणि 'सुकवणे' हे दोन्ही शब्द काढले होते, ८८/२ पुरते नव्हे तर सगळ्या काठासाठी. धुण्यावरची बंदी कायम. रंगाचे पाणी साफ करायची टाकी बांधली की तिचा फेरविचार. शेडला मात्र साफ नकार, कारण छपरामुळे दृश्यात बाधा येते.

श्रीकांतरावांनी फलकाचा फोटो काढून पाठवला आणि लगेच फोन केला. "जिंकलीस, अनू!"

"अर्धं," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यात कपडा काय दृश्याखाली झाकायचा? तिथेच थांबा, मी येते. नवी हरकत लिहायला घ्या, तुमचं अक्षर चांगलं आहे."

त्याच दिवशी दुपारी कोठीसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्यांनी शेडच्या हरकतीच्या बावीस प्रती काढल्या, काठावरच्या प्रत्येक कारखान्यासाठी एक. हरकत दाखल झाली. नव्या नोंदवहीत तिचा क्रमांक ६ आहे आणि सुनावणीची तारीख अजून पडलेली नाही. दोघांकडची सुटी मोड प्रतींना पुरली नाही. झेरॉक्सवाल्याचे चौदा रुपये द्यायचे राहिले आहेत.