चराईबंदीचा ठराव

घरातली मी पहिली पदवीधर. एसटीनं अहमदपूरला जाऊन-येऊन बी.ए. झाले. गावात पाणलोट समिती स्थापन झाली तेव्हा ठराव लिहायचं आणि ग्रामसभेत वाचायचं काम आपोआप माझ्याकडे आलं.

माळावर आम्ही सगळ्यांनी मिळून चर खोदले होते, गवताचं बी टाकलं होतं. ते जगायचं तर माळ जनावरांना बंद करायला हवा आणि शेळ्या तर गावात कुणी ठेवायच्याच नाहीत, असं समितीत ठरलं. मीही मान हलवली. ते बरोबरच होतं. आजही मला ते बरोबरच वाटतं.

गावात सगळ्यात जास्त शेळ्या आमच्याच होत्या. नऊ. मी लहान असताना वडील गेले, तेव्हापासून मायनं शेळ्यांवरच घर चालवलं. माझं शिक्षणही त्यांच्यावरच झालं.

ठराव लिहून झाल्यावर सभेला आठ दिवस होते. आठही दिवस माय सकाळी शेळ्या घेऊन माळाकडे जायची, दिवेलागणीला परत यायची. मी तिला सांगितलं नाही. सभेत सगळ्यांबरोबर कळेलच, असं मनाशी म्हणत राहिले.

सभेत मी स्पष्ट आवाजात वाचलं. मग बायकांमधून माय उठली.

"लई बेस वाचलीस. आता कुणाच्या किती शेळ्या हायत, ते बी वाच की बाई."

लोक हसले. सरपंच म्हणाले, "मावशी, लेकीनं पहिला ठराव तुमच्याच दारात आणला बघा."

"मग शिकविली कशाला?" माय म्हणाली, आणि पहिला हात तिनंच वर केला. मग बाकीचे हात वर गेले. 'एकमताने मंजूर' असं मी खाली लिहिलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी शेळ्या घेऊन अहमदपूरला गेलो. तिथला शेळ्यांचा व्यापारी मायच्या जुन्या ओळखीचा, तिला मोठी बहीण मानायचा. तो म्हणाला, "सगळ्याच काढून राहिल्या का, आपा? एखादी तरी ठेवा घरी."

"ठराव हाय," माय म्हणाली.

मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. परतीच्या एसटीत मी म्हणाले, "तुला आधी सांगायला पाहिजे होतं."

"हाव," ती म्हणाली, आणि खिडकीतून बाहेर बघत बसली.

त्याला आता चार वर्षं झाली. उन्हाळ्यातही विहिरीला पाणी असतं, टँकर बंद झाला. बाहेरगावचे लोक बघायला येतात. मी त्यांना माळ दाखवते, गुडघाभर गवत दाखवते, विचारतील ते सांगते. ते टाळ्या वाजवतात. मला चांगलं वाटायला हवं, हे कळतं.

मागच्या महिन्यात समितीनं नियम सैल करायचं ठरवलं. गोठ्यात बांधून, कापलेला चारा घालून शेळ्या पाळता येतील. ज्यांना हव्यात त्यांची यादी करायचं काम माझ्याकडे होतं. या वेळी मी आधी घरी आले.

"दोन आणू का गं?"

माय ज्वारी निवडत होती. "बांधून?"

"हाव."

"मग मी दिवसभर कुठं जाऊ त्यायच्यामागं?"

ती पुन्हा निवडायला लागली. संध्याकाळी मी यादी समितीला दिली. तिच्यात आमचं घर नव्हतं.