एक खूण खाली

बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे 'वाफवाले' म्हणत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी उकळणारा बॉयलर सांभाळण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली. तरुणपणी एकदा दाबाची सुई अडकली. सुई म्हणे सगळं ठीक, आणि आत दाब चढतच होता. सोबत काम करणाऱ्याचा हात भाजला तो जन्माचा. तेव्हापासून सुया, दिवे, आकडे यांच्यावर वाफवाल्यांचा काडीचा विश्वास उरला नाही.

पण या वेळी घरात संशय आधी आला तो त्यांच्या बायकोला, आणि तोही भलत्याच माणसाचा.

झालं असं, की सुनेला एका मोठ्या कॉफीच्या दुकानातून नोकरीचं बोलावणं आलं. सोमवारी मालकीणबाई समोर उभ्या राहून तिच्याकडून दूध फेसाळून घेणार होत्या. फेस ओल्या रंगासारखा चकाकायला हवा, एक बुडबुडा दिसता कामा नये. सरावासाठी सुनेच्या भावाने घरगुती कॉफी मशीन आणून दिलं. जुनंच, पण दणकट. पहिल्या सकाळी त्याची वाफ अशी सुटली की ओट्यावरचं फडकं उडालं. दुसऱ्या दिवसापासून मात्र मशीन दमेकऱ्यासारखं फुसफुसायला लागलं.

सुनेने वाफेच्या नळीचं तोंड टाचणीने साफ केलं, आधी साचलेलं पाणी सोडून दिलं, अर्धा अर्धा तास मशीन तापत ठेवलं. दूध नुसतं कोमट होई, वर साबणाच्या पाण्यासारखे बुडबुडे.

"तुझ्या भावाने गळ्यात मारलंय," सासूबाई म्हणाल्या. "एक दिवस चालेल एवढंच करून दिलं असणार."

"आई, दादा तसा नाहीये."

"मी कुठे काय म्हणते? मशीनच सांगतंय."

शुक्रवारी भाऊ बघायला आला. "माझ्याकडे तर छान चालत होतं," तो म्हणाला.

सासूबाई हातातली माळ न थांबवता म्हणाल्या, "हो ना, तुझ्याकडे बरं चालत होतं!"

तो पाणीही न पिता गेला. सुनेने मशीनची वायर काढून गुंडाळली. "दादाला हे परत न्यायला सांगते. आणि सोमवारी मी जातच नाही. असला फेस दाखवून हसं कशाला करून घ्यायचं?"

शनिवारी सकाळी सासूबाई देवापुढे बसल्या, पण चित्त लागेना. उठून आंघोळीला गेल्या. पहिला तांब्या अंगावर घेतला आणि दुसरा हातातच राहिला. पाणी कोमट! लग्न झाल्यापासून कोमट. गीझर एक खूण खाली, इस्त्री एक खूण खाली, कुकर तिसऱ्या शिट्टीआधी बंद, म्हणून कडधान्य जन्मभर दाताखाली कचकचलेलं. आणि हे सगळं करणारा माणूस बाहेर वर्तमानपत्र वाचत बसला होता.

ओल्या केसांनीच त्यांनी खुंटीवरच्या शर्टाचा खिसा चाचपला. बारका स्क्रूड्रायव्हर निघाला.

"अहो, पहिल्या दिवशी आम्ही दोघी बाजारात गेलो, तेव्हा मशीनचं झाकण कोणी उघडलं?"

वर्तमानपत्र थोडं वर गेलं. "बघत होतो जरा."

"बघितलंत की पिळलंत?"

"थोडंसं. दाब कमी करायचा स्क्रू असतो आत. सुई काय, काहीही दाखवते. पोरीचं तोंड त्या मशीनसमोर असतं."

सासूबाई तोंडसुख घ्यायच्या तयारीने आल्या होत्या, पण शेवटचं वाक्य ऐकून त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आणि मी माळ हातात घेऊन त्या पोराला लबाड ठरवलं! तुम्ही ऐकत होतात!"

"तू त्याच्यावर संशय घेत होतीस, ते मला सोयीचं पडलं."

"तुमचा सुईवर विश्वास नाही. मग आहे तरी कशावर?"

"झडपेवर. दाब फार झाला तर तीच उडते. पण उडते की नाही, कोणी पाहिलंय?"

"मग पाहा ना!"

सकाळ त्यातच गेली. मशीन तापवून वाफवाल्यांनी झडपेचा खिळा लांब पकडीने तीनदा उचलला. तिन्ही वेळा ती फुस्स करून मोकळी झाली आणि पुन्हा नीट बसली. मग मशीन बंद करून, निवल्यावर त्यांनी स्क्रू आधीच्या जागी आणला. ती जागा त्यांनी स्वतःच पेन्सिलीने आखून ठेवली होती.

सुनेने भांडं नळीखाली धरलं. जाड कापड फाडल्यासारखा आवाज झाला, दूध गरगरलं, चकाकलं. एवढा वेळ वाफवाल्यांचा हात बटणावर होता.

सासूबाईंनी भावाला फोन लावला. "माझं चुकलं रे. दोष आमच्याच घरात होता." तो "बरं" म्हणाला. त्या 'बरं'चा अर्थ काय घ्यायचा, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

सोमवारी सून निघाली तेव्हा वाफवाले म्हणाले, "तिथे सुईकडे बघू नकोस. आवाज ऐक."

दुपारी ती चपला न काढताच आत आली. "बाबा, पुढच्या आठवड्यापासून ये म्हणाल्या!"

"त्यांची झडप उचलून बघितलीस?"

"बाबा, मी नोकरी मागायला गेले होते!"

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. दुसऱ्या दिवशी आंघोळीचं पाणी मात्र कोमटच होतं.