पेटी एकाची, कर्णा दुसऱ्याचा

रत्नमालाबाई खरात वाळूजच्या कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करायच्या. निवृत्तीनंतर त्यांनी वडिलांचं ग्रामोफोन दुरुस्तीचं काम हाती घेतलं. आता दर दिवाळीआधी उस्मानपुऱ्यातल्या एका हॉलमध्ये त्या जुन्या ग्रामोफोनांचा लिलाव भरवतात. अख्खं यंत्र असो की नुसती चावी, गिऱ्हाईक मिळतंच. बोली त्या स्वतःच पुकारतात, माइकशिवाय.

गेल्या वर्षी देवगाव रंगारीचे सर्जेराव एक शिसवी पेटी घेऊन आले. वर कर्णा नव्हता.

"वाजती का, हे लोकांना कळाया पाहिजे," म्हणत बाईंनी लिलावाच्या मालातला एक कर्णा उचलला. एका यंत्राचा कर्णा दुसऱ्याला सहसा बसत नाही. हा खटकन बसला. बाईंनी निरखून पाहिलं. कर्ण्यावर हिरव्या रंगाचे ओघळ होते, पेटीवरही तसलेच.

"हा कर्णा कुणाचा वो?"

मागून एक म्हातारा उठला. "माझा. बद्रीनाथ. सिडकोत राहतो."

सर्जेरावांनी तोंड फिरवलं. दोघं सख्खे भाऊ. वाटणीत वडिलांच्या ग्रामोफोनवरून जुंपली, तेव्हा धाकट्यानं पेटी नेली, थोरल्यानं कर्णा. एकवीस वर्षं बोलणं बंद होतं.

बाईंनी चावी भरून पेटीबरोबर आलेली तबकडी लावली. खरखरीतून सनई निघाली.

"पोळ्याला बापू हीच लावायचे," बद्रीनाथ पुटपुटले. "शिंगं रंगवता रंगवता डबा सांडला होता."

"तुझ्याच हातून," सर्जेराव भिंतीकडं बघत म्हणाले.

"दोन्ही एकत्र विकू?" बाईंनी विचारलं. दोघांनी माना डोलावल्या.

पुण्याच्या व्यापाऱ्यानं दहा हजारांपासून सुरुवात केली. सर्जेरावांनी हात वर केला. बद्रीनाथांनी त्यांच्यावर बोली चढवली. परत सर्जेराव. परत बद्रीनाथ. व्यापारी हसत खाली बसला, तरी हे दोघं थांबेनात.

बाईंनी हातोडा आपटला. "अवो, माल तुमचाच, बोली बी तुमचीच! पैसे कुणाला देता?"

हॉल खदखदून हसला. बद्रीनाथही हसले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले.

सर्जेराव उठून त्यांच्याजवळ गेले. "दादा, गावाकडं चल. पण चावी मी भरणार."

"भर की. पण हळू भर. स्प्रिंग लई जुनी हाय."

बाईंनी बोली रद्द केली. त्यांचं कमिशन बुडालं. दोघं भाऊ पेटी धरून निघाले आणि दारात अडकले. आधी कर्णा काढायचा की पेटी तिरकी करायची, यावर तिथंच त्यांचं नवं भांडण सुरू झालं.