मुहूर्ताला न आलेले दादा

शत्रुघ्न माझा जुना विद्यार्थी. आगाशीत त्याची केळीची वाडी आहे. कोणी पत्ता विचारला तर तो दादांनी बांधलेलं गटार, दादांनी लावलेला दिवा अशाच खुणा सांगतो. दादा म्हणजे आमच्याकडचे पुढारी. लोक त्याला हसतात. पण त्याचे वडील गेले तेव्हा दादा न बोलावता आले होते, खांदा देऊन स्मशानापर्यंत चालले होते. ते तो विसरला नाही.

यंदा त्याच्या मुलीचं, संजनाचं लग्न झालं. पत्रिकेत कुलदेवतेच्या खाली दादांचं नाव. येतो म्हणाले होते, म्हणून मुहूर्त टळत आला तरी शत्रुघ्न लग्न लावू देईना. भटजींनी मंगलाष्टकं लांबवली. मग आत्यांनी म्हटली, मावश्यांनी म्हटली. अंतरपाटापलीकडे नवरदेव चिराग हार धरून अवघडला होता.

"अजून एक होऊ द्या. विरारच्या पुलावर आहेत," शत्रुघ्न म्हणाला.

"आता मुंजीतली म्हणू का?" भटजी म्हणाले.

शत्रुघ्नची बायको हंसा वैतागली. "अवो, मग त्यांनाच उभं करा ना पाटावर."

मंडपात हशा पिकला. शत्रुघ्न हसला नाही. तेव्हा संजना हळूच म्हणाली, "बाबा, केव्हापासून गेटकडेच बघताय. माझ्याकडे एकदा तरी बघा."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग भटजींना म्हणाला, "'तदेव लग्नं' घ्या."

अक्षता पडल्या. वाजंत्री वाजली. पुढे तो कन्यादानाला बसला. ओंजळीत लेकीचा आणि जावयाचा हात, वरून हंसा पाण्याची धार सोडत होती. तेवढ्यात बाहेर फटाके लागले.

"शत्रुघ्नशेठ, उठा, दादा आले," कार्यकर्ते धावत आले. "पहिला हार तुमचाच."

सगळा मंडप गेटकडे वळला. मोबाइल वर झाले. मंत्र थांबला, धारही थांबली. शत्रुघ्नचा गुडघा उचलल्यासारखा झाला, ते मी पाहिलं. संजना खाली बघत होती. तिनं हात काढून घेतला नाही, बापाचा धरूनही ठेवला नाही.

"त्यांना खुर्ची द्या," शत्रुघ्न म्हणाला. "सरबत द्या. म्हणावं, कन्यादान चाललंय."

कार्यकर्ते तसेच उभे राहिले. असं त्याच्या तोंडून त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"पानी सोड गं," तो हंसाला म्हणाला.