लोकप्रशासनाला एक जण कमी

दोन वर्षं एम.ए. करून हाती काय आलं विचाराल, तर डिग्री एक आणि किस्से पोतंभर! एक सांगायला घ्यावा तर दुसरा मध्येच घुसतो, आणि शेवटी कुठलाच धड पुरा होत नाही. आज मात्र मी कुणाचं ऐकणार नाही, सगळे सांगूनच उठणार. विषय आमचा लोकप्रशासन, कॉलेज धुळ्याचं, आणि मी सावद्याची, केळीच्या गावची. बास, एवढं पुरे. ऐका!

*

आमच्या घरी लोकप्रशासन म्हणजे काय हे कुणालाच कळलेलं नव्हतं. मोठ्या काकांनी गल्लीभर सांगून टाकलं, "पोरगी कलेक्टरचं शिकू राह्यली!"

झालं! दिवाळीच्या सुट्टीत घरी पोचले, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं, तोच शेजारचे भाऊ ओट्यावर येऊन बसले.

"मळ्यातली डीपी जळाली. मोटार बंद, केळी सुकू राह्यली. सांग ना जरा वरती!"

म्हटलं, "भाऊ, मी अजून पहिल्याच सेमिस्टरला आहे."

"मग पहिल्या सेमिस्टरात काय शिकवतात?"

"सिद्धान्त."

भाऊंनी जरा विचार केला. म्हणाले, "बरं, मग तो तरी लाव!"

*

आमचे सर एकदम अस्सल माणूस. आख्खं आयुष्य या एका विषयात घातलेलं. इतकं, की घरीदारी सरकारी पत्रासारखंच बोलायचे. 'सदर' शिवाय वाक्य सुरू होत नसे, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे 'सदर सर' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं. एकदा म्हणाले, "सदर टोपणनावाची नोंद घेतली आहे!"

एकदा तास चालू असताना घरून फोन आला. सर गंभीरपणे म्हणाले, "निरोप मिळाला. कोथिंबिरीबाबत यथावकाश कार्यवाही करण्यात येईल."

फोनमधून सरांच्या बायकोचा आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत आला, "यथावकाश नाही! फोडणी टाकलीय!"

सरांनी तिथल्या तिथे तास संपवला. एवढी तातडीची कार्यवाही मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

*

आता भूषण. हा साक्रीकडचा. अहिराणी बोलायला लागला की गाडी सुसाट, आणि पुस्तकी मराठी म्हटलं की पंक्चर. वर्गात तोंडच उघडायचा नाही. सरांनी एक दिवस त्याला उभं केलं. "पदसोपान म्हणजे काय? वरून खाली आदेश कसा जातो? तुझ्या भाषेत सांग."

भूषणचा चेहरा उजळला!

"सर, आबा सांगस बापले. बाप सांगस मायले. माय सांगस माले. अन् मी सांगस बैलले."

"उत्तम! आणि बैल?"

"बैल ऐकस नही, सर. अंमलबजावणी आठेच अडकस!"

सर टेबल बडवून हसले. पुढचे कित्येक तास ते प्रत्येक योजनेबद्दल एकच विचारायचे, "यातला बैल कोण?" आणि मी शप्पथ सांगते, मला प्रशासन कळलं ते त्या दिवशी.

*

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला मात्र सर वर्गात आले तेच चेहरा पाडून. नव्या पहिल्या वर्षाला पुरेसे प्रवेश झाले नाहीत, तर वर्ग उघडणार नाही. म्हणजे आम्ही बाहेर पडलो की कॉलेजातून विषयच बंद! सर म्हणाले, "मग मला कुठेतरी, कुठल्यातरी तासाला बसवतील." पहिल्यांदाच त्यांच्या बोलण्यात 'सदर' नव्हतं. मला इतकं वाईट वाटलं ना!

भूषण उसळून उठला. "सर, आपण प्रचार करू! रिक्षा फिरवू!"

दुसऱ्याच दिवशी त्याने भोंगा लावलेली रिक्षा मिळवली. त्याच्याच आवाजात रेकॉर्डिंग केलं. भाषण झकास! पण रिक्षा होती भंगारवाल्याची, आणि आमच्या रेकॉर्डिंगला चिकटून त्याचं जुनं रेकॉर्डिंग तसंच राहिलेलं. भर बाजारपेठेतून घोषणा निघाली, "लोकप्रशासन! देशाची सेवा! उज्ज्वल भविष्य! जुने, मोडके, बंद पडलेले घेऊन या!"

संध्याकाळी सरांनी आशेनं विचारलं, "किती आले?"

"प्रवेश एकही नाही, सर. एक कूलर आलाय."

सरांनी चष्मा काढून पुसला. "सदर कूलर मूळ मालकास परत करावा."

*

पण आम्ही ऐकतो होय! एसटीने गावोगाव फिरलो. यावलपर्यंत जाऊन आलो. एका घरी चहा, दुसऱ्या घरी शेवभाजी, तिसऱ्या घरी, "याचा क्लास लावला की नोकरी कधी लागते?" कुणी हो म्हणालं, कुणी उद्या सांगतो म्हणालं. पोरं जमत गेली, हळूहळू जमली, आणि शेवटी गाडी एका जणावर येऊन अडली. एकच कमी! जीव नुसता वरखाली.

*

अशातच ग्रामसभा बघायला आम्ही धुळ्याजवळच्या एका गावात गेलो. अभ्यास तर होताच, पण डोळे त्या एका जणाला शोधत होते. सरपंच बाई होत्या, सुनंदाअक्का. टेबलावर त्यांच्या नावाची पाटी. पाटीमागच्या खुर्चीत त्यांचे यजमान, नाना. ठराव नाना मांडणार, उत्तरं नाना देणार, लोकही 'सरपंच' म्हणून नानांनाच हाक मारणार. अक्का बाजूला बायकांमध्ये सतरंजीवर बसलेल्या.

भूषणला राहवलं नाही. "नाना, सरपंच कोन शे?"

"मी शे!"

"पन पाटीवर ते सुनंदाबाईनं नाव शे."

नाना अजिबात अडखळले नाहीत. छातीवर हात ठेवून म्हणाले, "ती बी मीच शे!"

आख्खी सभा हसली. अक्काही हसल्या, पण पदर तोंडाला लावून, खाली बघून. माझ्या डोक्यात तिडीक गेली हो!

निघताना त्या आमच्या मागे फाट्यापर्यंत आल्या. माझा हात धरून विचारलं, "तुमना वर्गमा काय शिकाडतस?"

म्हटलं, "ग्रामसभा कशी चालवायची, सरपंचाचे अधिकार काय, सगळं शिकवतात. पण आधी बी.ए. झालेलं असावं लागतं, अक्का."

"बी.ए. शे मी. लगीनना पहिले व्हयेल शे." आणि वळून चालायला लागल्या.

मी आणि भूषण एकमेकांकडे बघतच राहिलो. एसटी आली, गेली, आम्ही तिथेच!

*

प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी अक्का कॉलेजात आल्या. मार्कशीट पिशवीत, नाना मोटारसायकलवर. नाना तसे हौशी. कॉलेजभर सांगत फिरले, "आम्ही एम.ए. ला ॲडमिशन लिधं!" आम्ही?

पण प्राचार्यांचा विश्वास बसेना. त्यांना वाटलं, आम्ही नुसती नावं भरलीत. म्हणाले, "पहिल्या तासाला मी स्वतः येईन. जितकी माणसं बाकावर, तितके प्रवेश. एक जरी कमी दिसला, तरी वर्ग बंद."

तो तास! मी आणि भूषण खिडकीबाहेर, श्वास रोखून. प्राचार्य दारापाशी हाताची घडी घालून उभे. त्यांच्या मागे नाना, पिशवी सांभाळत. अक्का पहिल्या बाकावर, नवी वही उघडून. सरांनी हजेरी सुरू केली. एकेक नाव घेत होते, एकेक हात वर होत होता, आणि प्राचार्य बोटांवर मोजत होते.

शेवटचं नाव आलं.

"सुनंदा..."

"हजर!" दारातून नाना गरजले.

सरांचं पेन थांबलं. प्राचार्यांनी मागे वळून नानांकडे बघितलं, मग वर्गाकडे. भूषणने माझा दंड असा दाबला की मी ओरडणारच होते.

अक्का उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर नीट केला. दाराकडे न बघताच म्हणाल्या, "आहो, तुम्ही बाहेर बठा."

आणि मग सरांकडे बघून, खणखणीत आवाजात,

"सर, हजेरीमा मनं नाव परत एकदा ल्या."