हेमंतचा विश्रांतीचा अभ्यास

ऑफिसातले किस्से सिंकमधल्या कपांसारखे असतात. कोण ठेवून जातं कळत नाही, पण शुक्रवारी बघावं तर ढीग. आमच्या पॅरामॅटाच्या ऑफिसातल्या ढिगात निम्म्याहून जास्त कप एकट्या हेमंतचे आहेत, आणि तेही एकाच वर्षातले. त्या वर्षी आम्ही नॉर्वेजियन शिकलो. म्हणजे सगळी भाषा नाही, फक्त विश्रांतीपुरती.

कंपनी मूळची नॉर्वेची. समुद्रात मासे पाळणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते. मासे टास्मानियात, हेड ऑफिस बर्गनला, आणि चुका शोधायला सिडनीत आम्ही तिघे मराठी: मी, वैशाली आणि हेमंत. बर्गनहून इंग्रिड नावाची नवी बॉस आली. पहिल्याच दुपारी तिने आम्हाला जेवताना पाहिलं. एका हातात माउस, दुसऱ्या हातात पोळी-भाजी. बाई हादरलीच. तिने जाहीर केलं की दर बुधवारी ती आम्हाला तिच्याकडचे विश्रांतीचे शब्द शिकवणार. म्हणाली, "बर्गनला जाईल त्याला हे आधी यायला हवं."

वर्ग कधी? तर लंच ब्रेकमध्ये. म्हणजे जेवताना माउस तरी हातात असायचा, आता पेन आलं.

"बर्गनला जाईल त्याला" हे ऐकून हेमंत मात्र ताठ बसला. तिथे एक जागा निघणार होती आणि ती त्याला हवी होती. त्याची बायको, सायली, तिथल्या युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये आधीच रुजू झाली होती. लग्नाला उणीपुरी दोन वर्षं, आणि एक इथे उन्हाळ्यात तर दुसरी तिथे बर्फात. पण हे इंग्रिडला सांगायचं नाही अशी आम्हाला सक्त ताकीद. "घरचं कारण सांगितलं ना, की लोकांना वाटतं हा कामासाठी येत नाहीये," हेमंत म्हणायचा. पुण्यात त्याच्या वडिलांनी तीस वर्षं नोकरी करताना एकदाही घरचं कारण दिलं नव्हतं म्हणे. त्याच्या मुंजीलासुद्धा ते हाफ डे टाकून आले होते.

*

पहिला शब्द 'होनेब्लुन'. शब्दशः कोंबडीची डुलकी. बसल्या बसल्या जरा डोळा लागतो, ती.

हेमंतने हात वर केला. "मॅक्सिमम किती मिनिटं?"

इंग्रिड म्हणाली, तसं काही नसतं.

"मॅनेजरला आधी सांगायचं की नंतर?"

इंग्रिडने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "हेमंत, कोंबडी कोणाला विचारते?"

हेमंतने तेही लिहून घेतलं.

*

वैशाली या वर्गाला कधी आलीच नाही. ती नाशिकची. साडेबाराला डबा खाते, खाली पार्किंगमध्ये जाते, गाडीची सीट मागे पाडते आणि झोपते. सात वर्षांत तिची ही वेळ टळलेली मी पाहिली नाही. मीटिंग असो, फायर ड्रिल असो.

एकदा इंग्रिडने 'मिद्दाग्सव्हील' शिकवला, म्हणजे जेवणानंतर सोफ्यावर घेतलेली विश्रांती. मी म्हटलं, ही तर आमची वामकुक्षी. हेमंतला वाटलं, वैशालीचं बिचारीचं नुकसान होतंय. तो शब्द सांगायला पार्किंगमध्ये गेला आणि काचेवर टकटक केली.

वैशालीने काच खाली घेतली, डोळे न उघडताच सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली, आणि काच वर केली.

हे इंग्रिडला कळलं तेव्हा ती म्हणाली, "वैशालीला वर्गाची गरज नाही." हेमंतला हे लागलं. "मी एकही बुधवार चुकवला नाही, आणि पास ती?" असं तो मला ट्रेनमध्ये सेव्हन हिल्सपर्यंत ऐकवत होता.

*

मेंटेनन्सवाला गॅरी अस्सल इथला माणूस. लिफ्ट बंद होती तेव्हा त्याला जुना प्रिंटर खाली न्यायचा होता. हेमंत मदतीला धावला. ही त्याची जुनी खोड, कोणाच्याही मदतीला धावतो, आणि म्हणूनच आम्ही त्याला सोडत नाही.

दुसऱ्या मजल्यावर गॅरीला धाप लागली. हेमंतला आठवण झाली. म्हणाला, "गॅरी, नॉर्वेत याला एक सुंदर एक्स्प्रेशन आहे. पुस्त इ बाक्कन. म्हणजे चढावर मध्येच थांबून घेतलेला श्वास."

"मेट," गॅरी म्हणाला, "आपल्याकडे त्याला स्मोको म्हणतात." त्याने आपल्या बाजूचा प्रिंटर पायरीवर टेकवला, खाली बसला आणि खिशातून बिस्किटं काढली.

हेमंत उभाच. त्याच्या बाजूचा प्रिंटर हातात तसाच, आणि तो त्या एक्स्प्रेशनमधल्या चढाचा अर्थ समजावून सांगतोय. गॅरीची बिस्किटं संपेपर्यंत.

*

मग आली 'अव्स्पासेरिंग'. जास्तीचं काम केलं असेल तर त्याबदल्यात मिळणारी सुट्टी. हेमंतचे जास्तीचे तास बघून इंग्रिडने कपाळाला हात लावला आणि त्याला एक अख्खा गुरुवार घरी बसायला सांगितलं. लॅपटॉप ठेवून घेतला. बिल्डिंगचं कार्डही.

गुरुवारी दहा वाजता बघतो तर हेमंत आमच्या मजल्यावर. हाफ पँट, चपला, आणि गळ्यात 'व्हिजिटर'चा बॅज. खाली रिसेप्शनवर रीतसर सही करून आला होता. कोणाला भेटायचंय या रकान्यात त्याने माझं नाव टाकलं होतं.

"मी रजेवरच आहे," तो म्हणाला. "फक्त इथे बसून घेतोय."

इंग्रिड आली. तिने बॅज वाचला, मला विचारलं, "तुझा पाहुणा आहे?" मी हो म्हटलं. "मग त्याला बाहेर जेवायला ने," ती म्हणाली.

आम्ही हॅरिस पार्कपर्यंत चालत गेलो. मिसळ खाताना हेमंत दोनदा म्हणाला, "आपण मागच्या रिलीजचं जरा बोलून घ्यायचं का?"

*

सायलीचा फोन रोज दुपारी चारच्या सुमाराला यायचा. तिची सकाळ, लॅबला चालत जायची वेळ. हेमंत तो कट करायचा आणि मेसेज टाकायचा, 'कॉल यू लेटर'. सोबत त्या दिवशीचा नवा शब्द.

एकदा तिने मलाच फोन केला. "नितीन, तो जेवतो का रे नीट? मला नुसते शब्द पाठवतो."

मी काहीतरी सारवासारव केली. तिने एक फोटो पाठवला होता. लाकडी घराची भिंत, तिच्यावर ऊन, आणि भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसलेली माणसं. "इथे ऊन पडलं की लोक असे येऊन बसतात. या भिंतीला सूलवेग म्हणतात, उन्हाची भिंत. हा शब्द त्याला सांगू नकोस, नाहीतर पाठ करेल. त्याला म्हणावं, येऊन बस."

फोटोत बाकाच्या टोकाला तिची पर्स होती, आणि पर्सच्या बाजूला एका माणसापुरती जागा रिकामी होती. मला फार वाईट वाटलं. मी हेमंतला फोटो दाखवला. त्याने तो बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "इंटरव्ह्यू झाला की बोलतो तिच्याशी सावकाश."

*

इंटरव्ह्यू व्हिडिओवर, आमच्या संध्याकाळी. बर्गनला तेव्हा सकाळ. हेमंत अर्धा तास आधी मीटिंग रूममध्ये जाऊन बसला. इस्त्रीचा शर्ट, कॅमेरा चालू, पाठ ताठ. आदल्या तीन रात्री तो जेमतेम झोपला होता.

बर्गनची मंडळी स्क्रीनवर आली तेव्हा हेमंत बसल्या जागी गाढ झोपला होता. तोंड किंचित उघडं.

आम्ही काचेबाहेरून बघत होतो. मी दार उघडायला धावलो तर इंग्रिडने माझी बाही धरली. तिकडचा मुख्य माणूस, आर्ने नावाचा, जवळ येऊन स्क्रीनमध्ये बघत होता. मग त्याने ओठांवर बोट ठेवलं, बाकीच्यांना खूण केली आणि सगळे कॉफीचे कप घेऊन हळूच निघून गेले. हेमंत जागा झाला तेव्हा चॅटमध्ये एकच ओळ होती: उद्या याच वेळी.

"संपलं," हेमंत म्हणाला. एवढंच. त्या दिवशी आमच्यापैकी कोणीही हसलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी त्याने आम्हालाच रूममध्ये बसवून घेतलं, कॅमेऱ्यात दिसणार नाही असं. मी, वैशाली, आमच्यामागे इंग्रिड. "मला डुलकी लागली तर लाथ मार," हे मला.

आर्ने स्क्रीनवर आला. हेमंत उभा राहिला आणि अस्खलित नॉर्वेजियनमध्ये माफी मागितली. रात्रभर घोकलेली. इंग्रिड आमच्या कानात इंग्लिश सांगत होती. काल जे घडलं त्याबद्दल दिलगीर आहे, असं पुन्हा कधीही होणार नाही.

आर्नेने चष्मा काढला आणि इंग्लिशमध्ये विचारलं, "का नाही?"

याचं उत्तर हेमंतच्या तयारीत नव्हतं. तो खाली बसला. मग हळू म्हणाला, "माझी बायकोही हेच विचारते."

"कुठे असते ती?"

"बर्गनला."

तिकडे सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इकडे इंग्रिड, आम्हाला हे आधीपासून माहीत होतं हे ओळखून, आमच्याकडे रागाने बघत होती.

"आमच्या बर्गनला?" आर्नेने विचारलं. "मग हे तू वर्षभर सांगितलं का नाहीस?"

"ऑफिसच्या वेळेत घरचं कसं बोलायचं, म्हणून," हेमंत म्हणाला.

आर्नेने चष्मा पुसला, परत घातला, परत काढला. मग म्हणाला, "आपण एक ब्रेक घेऊ." आणि तिकडचे सगळे उठले.

हेमंतने माइक बंद केला. आमच्याकडे वळला. विश्रांतीचे त्या भाषेतले झाडून सगळे शब्द त्याला येत होते.

"नित्या," तो म्हणाला, "ब्रेकमध्ये काय करायचं असतं रे?"

वैशालीने तिच्या पर्सशेजारी पडलेला त्याचा फोन उचलला, सायलीचं नाव शोधलं आणि फोन लावून त्याच्या हातात दिला.

मंडळी परत आली तेव्हा हेमंत खुर्ची खिडकीकडे वळवून, पाय वर घेऊन फोनवर बोलत होता. मराठीत, काहीतरी वरण-भाताबद्दल. मी त्याला हलवायला उठलो. स्क्रीनवर आर्नेने हात वर करून मला थांबवलं, कॉफीचा कप उचलला आणि स्वतःचा कॅमेरा बंद केला.