मामाजींच्या उशीखालची ‘सात चंद्रांची राणी’

माझे सासरे वारले तेव्हा त्यांच्या उशीखाली त्यांचं सगळ्यात नावडतं पुस्तक होतं, आणि ते तिथं मीच ठेवलं होतं.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. आदिलाबाद जिल्ह्यातल्या तहसिलींत जन्मभर कारकुनी केलेला हा माणूस निवृत्त झाला आणि थेट अंतराळात गेला. म्हणजे विज्ञानकथा आणि अद्भुत कादंबऱ्या वाचायला लागला. हा नाद मीच लावला. (मी तलमडुगूच्या शाळेत मराठी शिकवते, आणि लग्नात माहेराहून दागिने कमी आणि ड्रॅगन जास्त आणलेत.) घरात बाकी कुणी पुस्तकाला हात लावत नसे. त्यामुळे रोज संध्याकाळच्या चहाला आमचं दोघांचंच कोर्ट भरायचं. पुस्तक आवडलं तर ‘मंजूर’, नाही आवडलं तर ‘खारीज’. मधली वाटच नाही! आणि खारीज करायची कारणं सगळी तहसिलीतली.

“सूनबाई, ते तुमचं ड्रॅगनवालं खारीज!”

“काऊन, मामाजी?”

“आग ओकून राह्यला, ठीक हाय. पन खाते काय तो? तीनशे पानं झाली, चारा कुठंच नाई!”

त्यांचं लाडकं पुस्तक होतं ‘धूळग्रहावरची शाळा’. चिमुकलं, मळकट कव्हरचं. त्यातला मास्तर एकही मूल उरलं नाही तरी रोज शाळा उघडतो. मला ते रटाळ वाटलं. तसं मी बोलले, तर मामाजींनी आठवडाभर माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलणं ठेवलं.

आणि सगळ्यात नावडतं? ‘सात चंद्रांची राणी’! मुधोळच्या एका कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्यानं ती पदरमोड करून छापली होती. मी बासरला गेले असताना एका स्टॉलवर घेतली. मुखपृष्ठावर राणी आणि तिच्यामागं वाळत घातलेल्या पापडांसारखे सात चंद्र. मी पन्नास पानांत हात टेकले. मामाजी मात्र शेवटच्या पानापर्यंत गेले, आणि जिथं जिथं चूक सापडली तिथं तिथं पानाचा कोपरा दुमडत गेले. पुस्तक इतकं फुगलं की मिटेना.

“सात सात चंद्र हायेत, अन् राणी अंधारात ठेचकाळून राह्यली! राज्य जिंकलं, पन जमिनीचा पट्टा कोनाच्या नावावर चढला? पत्ता नाई!”

“मग पुरं वाचलं कायले?”

“मिसलीतला कागद न् कागद पाह्यल्याबिगर दरखास्त खारीज करता येत नाई, सूनबाई. अन् खोटी पहानी लिहिनं अन् पुस्तकाची खोटी तारीफ करनं, दोनी एकच गुना.”

हे ते नुसतं बोलत नसत. तहसिलीत असताना खोटी पहाणी, म्हणजे जमीन-पिकाची खोटी नोंद, लिहायला नकार दिला म्हणून त्यांनी दोन बदल्या सोसल्या होत्या. त्यांची सगळी मिळकत म्हणजे हा एक खरेपणा.

पुढं त्यांना श्वासाचा त्रास सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, डोकं उंच ठेवा. एक उशी कमी पडायची, दोन उशांनी मान मोडायची. मी घरभर शोधलं आणि बरोबर मापाची एकच वस्तू सापडली. फुगलेली ‘राणी’ उशीखाली सरकवली, तर मामाजींना पहिल्यांदा जरा मोकळा श्वास आला.

“काय ठेवलं वं?”

“सात चंद्रांची राणी.”

“चला,” ते म्हणाले, “कामाले त आलं.”

हसले, आणि मग खूप वेळ खोकत राहिले. त्यानंतर ते फारसे हसले नाहीत. दिवाळीच्या आधी गेले. घरात संध्याकाळचा चहा होत राहिला, पण कोर्ट उठलं होतं.

आमच्याकडे पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना होते, गेलेल्या माणसाबद्दल चार जण बोलतात, जेवण होतं. शिकलेल्या घरातलं माणूस असेल तर त्याच्या नावानं पुस्तकंही वाटतात. मी मनाशी ‘धूळग्रहावरची शाळा’ नक्की करून टाकली होती. तेवढ्यात हैदराबादहून आलेल्या माझ्या मोठ्या दिरांनी मामाजींचा बिछाना उचलायला घेतला आणि उशीखालून ‘राणी’ निघाली!

मोठे दीर म्हणजे भाऊजी, मोठ्या कंपनीत मोठे साहेब आहेत. मराठी पुस्तक त्यांनी दहावीनंतर उघडलेलं नाही. ते पुस्तक छातीशी धरून मटकन खाली बसले.

“उशाशी घेऊन झोपत होते गा बाबा! पानं त पाहा कशी दुमडून ठेवली! किती आवडत असंन त्याईले!”

“भाऊजी, ते आवडीचं नाही,” मी म्हटलं. “ते मी...”

“प्रज्ञा, तुले ड्रॅगन आवडतात, मालूम हाय मले. पन आता बाबाच्या आवडीचं होऊ दे.”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हळूच म्हणाला, “जाऊ दे ना वं. भाऊ रडून राह्यला.”

मी आत्याबाईंकडे, म्हणजे सासूबाईंकडे धाव घेतली. त्या पांढरं लुगडं नेसून भिंतीला टेकून बसल्या होत्या. “मले काय समजते बाई पुस्तकातलं?” त्या म्हणाल्या. “पन लोकाईले मालूम होऊ दे, माहा मानूस काय वाचे ते.” आता या बाईला कसं सांगू, की तुमचा माणूस ते वाचत नव्हता, त्यावर डोकं ठेवून श्वास घेत होता?

भाऊजींनी पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर लावला. लेखक स्वतःच फोनवर आले. भाऊजींनी सगळं सांगितलं. लेखकांनी मामाजींचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग म्हणाले, “किती पाह्यजे? छापल्या तेवढ्या साऱ्याच हायेत घरी. मी स्वता घेऊन येतो.”

दुसरीकडे भाऊजींनी छापखान्यातून चिठ्ठ्या छापून आणल्या, प्रत्येक पुस्तकावर चिकटवायला. त्यावर मामाजींचा फोटो आणि खाली मजकूर: ‘अखेरच्या श्वासापर्यंत सोबत करणारं त्यांचं सर्वांत आवडतं पुस्तक’. ज्या माणसानं जन्मात खोटी पहाणी लिहिली नाही, त्याच्या फोटोखाली ही खोटी तारीफ! आणि हे आदिलाबादच्या घराघरांत जाणार होतं.

लेखक कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी आले. धोतर, पांढरा सदरा, पांढऱ्या मिशा, आणि कापसाच्या पोत्यांत बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे. (काही प्रतींचे कोपरे उंदरांनी कुरतडलेले. म्हणजे मुधोळमध्ये वाचक होते तर!) ते मामाजींच्या फोटोसमोर हात जोडून एवढा वेळ उभे राहिले की आत्याबाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली.

मी स्वयंपाकघरामागं बसून पुस्तकांवर नुकत्याच चिकटवलेल्या चिठ्ठ्या सोलायला घेतल्या. खळ ओली होती, भराभर निघत होत्या. ढीग बऱ्यापैकी झाला आणि आत्याबाई आल्या. “एकटीच चिकटवून राह्यली काय बाई?” असं म्हणत त्या शेजारी बसल्या, खळीची वाटी पुढ्यात ओढली आणि मी सोललेली प्रत्येक चिठ्ठी परत चिकटवायला लागल्या. चिकटवताना प्रत्येक फोटोवरून पदर फिरवायच्या. मी सोलायची, त्या चिकटवायच्या. शेवटी मी हरले आणि चिकटवायला लागले.

कार्यक्रमाला समाजमंदिर भरलं. भंतेजींनी वंदना घेतली. पुस्तकं वाटली गेली. लेखकांना पहिल्या रांगेत बसवलं. मग भाऊजींनी माईकवरून जाहीर केलं, “बाबाच्या वाचनाबद्दल आमच्या प्रज्ञा बोलतील!”

मी मनाशी ठरवून उठले. सरळ सांगायचं. लेखकाला वाईट वाटेल, भाऊजी रागावतील, पण मामाजींचं नाव वाचेल. मी माईक धरला आणि म्हणाले, “मामाजींना हे पुस्तक...”

तेवढ्यात माझी नजर दुसऱ्या रांगेत गेली. मामाजींचे तहसिलीतले एक जुने सोबती चष्मा कपाळावर चढवून पहिलंच पान वाचत होते, आणि वाचता वाचता त्यांचं तोंड कडू झालं. अगदी मामाजींचं व्हायचं तसं! आणि मला वाटलं, आज घरी गेल्यावर ही सगळी गंमत मामाजींना सांगू. तुमचं नावडतं पुस्तक तुमच्याच नावानं वाटलं म्हणून!

मग समजलं की सांगायचं कुणाला, हाच तर आजचा कार्यक्रम आहे.

मी माईकवर हमसून हमसून रडले. तो माईकही असा तयारीचा, की एकेक हुंदका बाहेर मांडवात पंगतीची पानं मांडणाऱ्यांपर्यंत पोचवत होता. सगळं समाजमंदिर रडायला लागलं. लेखकांनी उपरण्यात तोंड लपवलं. भाऊजींनी माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाले, “पाहा! असं जिवाले लागलेलं पुस्तक हाय हे!”

त्यानंतर लोकांनी ते वाचलं. तीच तर पंचाईत झाली!

मेलेल्या माणसाची आठवण म्हणून दिलेलं, त्यामुळे कुणी रद्दीत टाकेना. सगळ्यांनी इमानानं वाचायला घेतलं आणि माझा फोन सुरू झाला.

“मॅडम, राणी तिसऱ्यांदा मेली, अन् पुढच्या पानावर चहा पिऊन राह्यली. हे कसं?”

“ताई, त्या ग्रहावरच्या राक्षसाले कापसाचा भाव कायले पाह्यजे?”

आमच्या शाळेत तेलुगू शिकवणाऱ्या सरांना मराठी वाचता येत नाही. ते रोज पुस्तकावरच्या राणीकडे पाहून विचारायचे, “बागुंदा, मॅडम?” चांगलं आहे का, एवढंच त्या बिचाऱ्याला जाणून घ्यायचं होतं, आणि मी खडूचा डबा शोधत वर्गात पळायची.

हे सगळं सोसलं असतं. पण एकदा भाजीबाजारात मामाजींचे तेच तहसिलीतले सोबती भेटले. हळहळून म्हणाले, “साहेब लाख मानूस. पन वाचनात त्याईची पारख अशी असंन, वाटलं नव्हतं.” त्या दिवशी मी वांगी न घेताच घरी आले आणि मोरीत नळ सोडून रडले. जन्मभर खरं बोललेल्या माणसाला मेल्यावर आम्ही खोटं पाडलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर, मधल्या सुट्टीत, लेखक तलमडुगूला माझ्या शाळेत आले. काखेत एक नवं कोरं पुस्तक. स्टाफरूममध्ये सगळे डबे उघडून बसले होते. मी ठरवलं, आता बास. त्यांना व्हरांड्यात नेलं आणि म्हणाले, “काका, रागावू नका. पण मामाजींना तुमचं पुस्तक आवडलं नव्हतं.”

“मालूम हाय,” ते शांतपणे म्हणाले.

“काय?”

“साहेबाईनं, म्हंजे तुमच्या सासऱ्याईनं, मले फोन केला होता. बिमार पडाच्या आंधी. चांगलं दीड घंटा झापलं! उजेड कुठं हाय, पट्टा कोनाच्या नावावर हाय... एकेक पान काढून विचारलं. मी त घामाघूम!”

“मग तुम्ही एवढ्या लांबून पुस्तकं घेऊन आलात कशाला?”

“ताई, माह्या पोरानं ते पुस्तक नाई वाचलं. बायकोनं नाई. पयल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचनारा मले आयुष्यात एकच मानूस भेटला. तो गेला म्हनून फोन आला. मंग मी नाई यावं?” त्यांनी डोळे पुसले. “ते चिठ्ठीवरलं ‘आवडतं’ वाचलं मी. पन मयताच्या घरी काय बोलता? आता मात्र साऱ्याईले सांगतो. साहेबाईनं खारीज केलं ते केलंच!”

आणि खरंच, ते स्टाफरूमच्या दारात उभे राहून मोठ्यानं बोलले. साहेबांनी पुस्तक कसं फाडून खाल्लं, कोणत्या पानावर काय विचारलं, सगळं. तेलुगूचे सर तेवढ्यापुरते मराठी समजल्यासारखे हसले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मामाजींनी लेखकाच्या तोंडावर खरं सांगितलं होतं! त्यांच्या पारखेवर आता कुणी बोट ठेवणार नव्हतं. मी एकाच वेळी हसत होते आणि डोळे पुसत होते.

“मी लिहिनं सोडून देल्लं होतं,” लेखक सगळ्यांना सांगत होते. “म्हनलं, एकच वाचक, त्यानंबी खारीज केलं. पन त्या दिवशी मॅडम माईकवर अशा रडल्या, अशा रडल्या! मंग मी मनाशी म्हनलं, साहेबाईचं जाऊ दे, पन या घरात एका मानसाले आपलं पुस्तक आवडलं!”

डबे खाणारे सगळे हात थांबले आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

“काका, ते रडणं...” मी सुरुवात केली. पण त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही ऊन पडलं होतं, की माझी जीभ पुन्हा टाळूला चिकटली. त्यांनी नवं पुस्तक दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं: ‘सात चंद्रांची राणी: भाग दुसरा’.

मी पहिलं पान उलटलं. तिथं ठळक अक्षरात छापलं होतं: ‘माझ्या एकमेव चाहत्या प्रज्ञा मॅडम यांना सादर अर्पण. यापुढचे पाचही भाग त्यांच्याच आग्रहाखातर.’